जुन्या विंडोजवर एलटीस्पाइसची नवी आवृत्ती: आधी लायब्ररी वाचवा, मग इन्स्टॉलर चालवा

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे का ते तुम्हाला पडताळता येईल. तुमच्या तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये कोअर टू ड्युओचे वीस पीसी आहेत, प्रत्येकात दोन जीबी रॅम आणि ३२ बिटांचं विंडोज ७. त्यांवर इतकी वर्षं एलटीस्पाइस ४ हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बिनतक्रार चाललं. यंदा तुम्ही एलटीस्पाइस २४ टाकायला गेलात, तर इन्स्टॉलरनं सुरुवातीलाच नकार दिला. मग एका मशीनवर मधली आवृत्ती, म्हणजे एलटीस्पाइस १७, बसवली. ती उघडली, पण ७४१ या ऑप-ॲम्पची आणि १एन४००७ या डायोडची सगळी सर्किटं ‘मॉडेल सापडत नाही’ म्हणू लागली. तीच सर्किटं एका सहकाऱ्याच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर नव्या आवृत्तीत उघडली, तेव्हा कपॅसिटरच्या किमतींतला ‘µ’ बिघडला आणि उत्तरंही थोडी वेगळी आली. दोष विंडोज ७ चा की सॉफ्टवेअरचा, आणि जर्नल सबमिशनच्या आत लॅब रुळावर कशी आणायची, असं तुम्ही विचारलंय.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत आणि त्यांतली एकच ऑपरेटिंग सिस्टिमची आहे. इन्स्टॉलरचा नकार हा विंडोजचा प्रश्न. मॉडेल, म्हणजे घटक कसा वागतो याचं मजकुरातलं वर्णन, हरवणं हा ती ज्या लायब्ररीत असतात तिच्या जागेचा प्रश्न. ‘µ’ बिघडणं हा एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीचा. तिन्हींना ‘कम्पॅटिबिलिटी’ या एकाच नावाखाली ढकललं की माणूस विंडोज पुन्हा टाकायला घेतो, आणि त्यात जे वाचवायचं असतं तेच पुसलं जातं. म्हणून पहिली विनंती: हे उत्तर संपेपर्यंत एकाही मशीनवरून जुनं एलटीस्पाइस काढू नका आणि एकही मशीन फॉरमॅट करू नका.

नकाराचं कारण सोपं आहे. एलटीस्पाइस २४ फक्त ६४ बिटांसाठी आहे आणि त्याला किमान विंडोज १० लागतं. ६४ बिटांचा प्रोग्राम ३२ बिटांच्या विंडोजवर कोणत्याही युक्तीनं चालत नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमधला कम्पॅटिबिलिटी मोड इथे उपयोगाचा नाही. तो जुन्या प्रोग्रामला ‘तू जुन्याच विंडोजवर आहेस’ असं भासवतो, जुन्या विंडोजला नवी क्षमता देत नाही. तुमचा कोअर टू ड्युओ स्वतः ६४ बिटांचा आहे, त्यामुळे ६४ बिटांचं विंडोज ७ टाकलं तर काम होईल असं वाटू शकतं. तरीही होणार नाही. विंडोज ८ पासून आलेली कितीतरी सिस्टिम फंक्शन्स विंडोज ७ मध्ये नाहीतच. नव्या साधनांनी बांधलेला प्रोग्राम सुरू होताच त्यांतलं एखादं मागतो आणि ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट’ सापडत नाही, असा निरोप येऊन थांबतो. हा निरोप दिसला की समजावं, अमुक डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी जोडफाइल, इंटरनेटवरून आणून टाकल्यानं हे सुटणार नाही. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणाऱ्या फाइलची तक्रार मात्र वेगळी असते. ती मायक्रोसॉफ्टच्या युनिव्हर्सल सी रनटाइमची उणीव आहे आणि त्याचं अधिकृत अपडेट टाकल्यावर विंडोज ७ वरही मिटते. दोन्ही निरोप वरवर सारखे दिसतात, म्हणून स्क्रीनवरचं पूर्ण वाक्य उतरवून घ्यायची सवय लॅब असिस्टंटला लावा.

आणखी एक भिंत तुम्हाला पुढे लागेलच. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. त्याच्या स्वतःच्या नेटवर्क यंत्रणेत टीएलएस १.२, म्हणजे सुरक्षित जोडणीची आजची पद्धत, सुरुवातीपासून चालू नसतं, वेगळं अपडेट टाकून आणि रजिस्ट्रीत नोंद करून ते चालू करावं लागतं. त्यामुळे ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडतं, पण एखाद्या प्रोग्राममधलं ‘अपडेट’चं बटण दाबलं की जोडणी होत नाही. ब्राउझर सुरक्षित जोडणीसाठी बहुधा स्वतःची यंत्रणा वापरतो, बाकीचे प्रोग्राम विंडोजवर विसंबतात. क्रोमचीही विंडोज ७ वरची शेवटची आवृत्ती १०९ आहे. तात्पर्य, या वीस मशीनवर काहीही अपडेट करायचं तर ते पेन ड्राइव्हवरून, दुसऱ्या मशीनवर तपासून.

आता मूळ दुखण्याकडे येतो, हरवलेल्या मॉडेलांकडे.

तुमच्या ७४१ चं मॉडेल एलटीस्पाइसबरोबर आलेलं नव्हतं. कुणीतरी, बहुधा तुमच्या आधीच्या सरांनी, ते कुठून तरी मिळवून लायब्ररीच्या ‘सब’ फोल्डरमध्ये टाकलं असणार. १एन४००७ ची ओळ ‘स्टँडर्ड डॉट डीआयओ’ या डायोडच्या फाइलीत हातानं लिहिली असणार. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये हेच झालंय, कारण अभ्यासक्रमात ७४१ आणि १एन४००७ हटकून असतात. एलटीस्पाइस ४ ची लायब्ररी ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या ‘एलटीसी’ फोल्डरात असते. एलटीस्पाइस १७ ची सुरुवातीची आवृत्ती २०१६ मध्ये आली, तेव्हा लायब्ररी वापरकर्त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये गेली. १७.१ पासून ती ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’ फोल्डरात गेली आणि २४ मध्येही तिथेच आहे. ‘ॲपडेटा’ हा फोल्डर विंडोज एरवी लपवून ठेवतं, म्हणून तो कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणजे दोनदा लायब्ररीचं घर बदललं आणि दर वेळी नव्या घरात कोरी लायब्ररी मांडली गेली. तुम्ही जुन्या घरात ठेवलेलं सामान तिथेच राहिलं. ते हरवलेलं नाही.

पण थांबा. जुन्या घरातही ते कदाचित दिसणार नाही, आणि याच ठिकाणी मी एकदा फार मोठं नुकसान करून घेतलंय.

विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायची परवानगी नसते. एखादा जुना ३२ बिटांचा प्रोग्राम तिथे लिहू लागला तर विंडोज त्याला नकार देत नाही. ते गुपचूप ती फाइल त्या वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ अशा फोल्डरात ठेवतं. प्रोग्रामला वाटतं, लिहिलं. पुढच्या वेळी तोच प्रोग्राम वाचायला गेला की विंडोज त्याला तीच प्रत दाखवतं, त्यामुळे सगळं सुरळीत भासतं. एलटीस्पाइस ४ मध्येच फाइल उघडून कुणी १एन४००७ ची ओळ जोडली असेल, तर ती ओळ ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये कधी पोचलीच नसण्याची शक्यता आहे. वर ही प्रत एका लॉगिनपुरती. ‘एका मुलाच्या लॉगिनला सर्किट चालतं, दुसऱ्याच्या नाही’ अशी तक्रार तुम्ही कधी ऐकली असेल, तर तिचं मूळ इथे असू शकतं.

मला हे ठाऊक नव्हतं. एका लॅबचं मशीन नवं करताना मी ‘प्रोग्राम फाइल्स’मधला अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, समाधानानं डिस्क फॉरमॅट केली, आणि नंतर कळलं की कित्येक वर्षांत जमवलेली ट्रान्सफॉर्मरची, रिलेची, जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरची मॉडेल त्या प्रतीत नव्हतीच. त्यांतली काही मी डेटाशीटवरून स्वतः बसवली होती, रात्री जागून, एकेक वक्र जुळवत. ती परत मिळाली नाहीत. म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

तर आज करायचं काम एवढंच. ज्या मशीनवर ७४१ ची सर्किटं आजही चालतात, त्यावर त्याच लॉगिननं बसा. लपलेले फोल्डर दिसतील असं करा. ‘प्रोग्राम फाइल्स’मधला एलटीस्पाइस ४ चा फोल्डर आणि व्हर्च्युअलस्टोअरमधला त्याच नावाचा फोल्डर, दोन्ही वेगवेगळ्या नावांनी बाहेर कॉपी करा. लॉगिन अनेक असतील तर प्रत्येकाचा व्हर्च्युअलस्टोअर बघा. मशीनवर रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, तर प्रत बाहेरच्या डिस्कवरच गेली पाहिजे. हे होईपर्यंत बाकी काही नको.

मग त्या मॉडेलांचं काय करायचं? नव्या लायब्ररीत पुन्हा ओतू नका. ओतलीत तर पुढच्या बदलाला हीच पाळी येईल. एलटीस्पाइस मॉडेल शोधताना सर्किटची फाइल ज्या फोल्डरात आहे तिथेही बघतं, आणि सिम्बॉलचंही तसंच. म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकलचा एक फोल्डर करा. त्यात सर्किटची फाइल, ७४१ ची मॉडेल फाइल आणि तिचा सिम्बॉल शेजारीशेजारी ठेवा. सर्किटवर ‘डॉट लिब’ची ओळ लिहा आणि तिच्यात फक्त फाइलचं नाव द्या, ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता नको. १एन४००७ सारख्या एका ओळीच्या मॉडेलला तर वेगळी फाइलही नको. ‘डॉट मॉडेल’ची ती ओळ सरळ सर्किटच्या कागदावरच चिकटवा. सर्किटनं आपली शिदोरी स्वतःबरोबर बाळगावी. हा फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या आवृत्तीत, दुसऱ्या लॉगिनवर ठेवला तरी चालला पाहिजे, आणि चालतोही. वीस-पंचवीस प्रॅक्टिकलसाठी हे काम दोन दुपारांचं आहे.

मी यावर इतका ठाम आहे त्याला कारण आहे. एलटीस्पाइसचं मूळ असलेलं स्पाइस १९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॅरी नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली घडवलं, तेव्हा सर्किट पंच कार्डांच्या गठ्ठ्यावर दिलं जाई. आजही जुने लोक नेटलिस्टला, म्हणजे सर्किटच्या मजकुरी वर्णनाला, ‘डेक’ म्हणतात ते त्यामुळे. त्या काळातली रोध, कपॅसिटर, ट्रान्झिस्टरची साधी नेटलिस्ट आजच्या कुठल्याही स्पाइसमध्ये थोड्याफार बदलानं चालते. तेव्हापासून मशीन बदललं, विंडोज बदललं, कंपन्यांचे मालक बदलले. लिनियर टेक्नॉलॉजी २०१७ मध्ये ॲनालॉग डिव्हाइसेसमध्ये गेली. साध्या अक्षरांत लिहिलेलं मॉडेल मात्र टिकलं. जे साध्या अक्षरांत आहे आणि सर्किटजवळ आहे, ते तुमचं.

आता ‘µ’. एलटीस्पाइस ४ हे चिन्ह एका बाइटात लिहितं, नव्या आवृत्त्या यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे दोन बाइटांत. नवी फाइल जुन्यात उघडली की ‘µ’च्या आधी डोक्यावर टोपी घातलेला रोमन ए दिसतो, आणि जुनी फाइल नव्यात उघडताना ते चिन्ह ओळखू न येण्याची शक्यता असते. उपाय जुनाच आणि पक्का आहे: ‘µ’ऐवजी रोमन लिपीतला छोटा यू लिहा. एलटीस्पाइस ४ च्या आणि १७ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नेटलिस्ट ऑप्शन्स’खाली ‘µ’चा ‘यू’ करण्याची सोय आहे, ती चालू करा. जुन्या फाइलींतली चिन्हं नोटपॅडमध्ये ‘रिप्लेस’ करून बदलता येतात, कारण सर्किटची फाइल साधी मजकुराचीच असते. मुलांना याच निमित्तानं दोन गोष्टी सांगा. स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली, मेगासाठी एमईजी लिहावं लागतं. आणि किमतीपुढे फॅरडसाठी एफ लिहू नये, कारण त्याचा अर्थ फेम्टो होतो. एक फॅरडचा सुपरकपॅसिटर ‘१एफ’ असा लिहिणाऱ्या मुलाला सिम्युलेशन मुकाट्यानं चुकीचं उत्तर देतं.

याच जातीची एक अडचण आपल्या मराठी लॅबमध्ये जास्त येते. फोल्डरचं किंवा विंडोजच्या लॉगिनचं नाव देवनागरीत असेल, तर एलटीस्पाइस ४ सारख्या युनिकोडपूर्व धाटणीच्या प्रोग्रामला तो पत्ता वाचता येत नाही. जपानीसाठी विंडोजमध्ये ९३२ क्रमांकाचं जुनं कोड पेज, म्हणजे युनिकोडपूर्व प्रोग्रामसाठीचा अक्षरांचा तक्ता, आहे. देवनागरीला तसं कोड पेज विंडोजनं कधी दिलंच नाही, ती सुरुवातीपासून फक्त युनिकोडमध्ये आली. त्यामुळे ‘प्रयोग ५’ हे नाव जुन्या प्रोग्रामपर्यंत प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचतं. एलटीस्पाइस १७ नं युनिकोड आणलं, पण तुमच्याकडे काही काळ जुनी आणि नवी दोन्ही आवृत्ती राहणार आहेत. तोवर फोल्डरांची नावं रोमन लिपीत, जागा न सोडता ठेवा. सर्किटच्या आतल्या टिपा मराठीत लिहायची हौस मलाही आहे. ती १७ वर सगळे आले की खुशाल पुरवा.

वेगळ्या उत्तरांबद्दल तुमची काळजी रास्त आहे, पण आधी आकडा बघा. तिसऱ्या-चौथ्या अंकात फरक असेल तर तो दोष नाही. स्पाइसमधली सापेक्ष चूक, म्हणजे ‘रेलटोल’, मुळातच ०.००१ असते. हजारात एकाच्या आसपासचा फरक दोन आवृत्त्यांत येणारच, कारण वेळेचे टप्पे पाडण्याची पद्धत बदलते. त्याहून मोठा फरक दिसला तर बहुतेकदा मॉडेल बदललेलं असतं. त्याच नावाचा ट्रान्झिस्टर नव्या लायब्ररीत वेगळ्या आकड्यांनी आलेला असू शकतो.

पडताळायची माझी रीत अशी आहे. चार सर्किटं निवडायची: पूर्णतरंग रेक्टिफायर, ७४१ चा इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर, बीसी५४७ या ट्रान्झिस्टरची एक सीई (कॉमन एमिटर) अवस्था आणि ५५५ या टायमर चिपचा ॲस्टेबल दोलक. प्रत्येकात ‘डॉट मेझर’च्या दोन-तीन ओळी घालायच्या, म्हणजे उत्तरं आलेखावरून डोळ्यांनी वाचावी लागत नाहीत, लॉग फाइलीत आकड्यांत मिळतात. जुन्या आवृत्तीतला लॉग जपायचा आणि नव्यातल्या लॉगशी ताडायचा. ५५५ चा आलेख मात्र एकावर एक ठेवून तुलना करू नका. दोलक नेमका कुठल्या क्षणी सुरू होतो ते आवृत्तीगणिक सरकतं. वारंवारिता मोजा. एक किलोओहम, दहा किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतलेत तर सूत्रानं ती सुमारे ६८६ हर्ट्झ येते. तिच्या जवळपासचा आकडा दोन्हीकडे यायला हवा.

तुमच्या वीस मशीनसाठी माझा सल्ला असा. त्यांवर एलटीस्पाइस १७ ची सुरुवातीची, ३२ बिटांवर चालणारी आवृत्ती बसवा आणि तिथेच थांबा. इन्स्टॉलर अनोळखी साइटवरून घेऊ नका. तुमच्याकडे जो चालला त्याचीच प्रत जपून ठेवा. ४ आणि १७ एकाच मशीनवर सुखानं नांदतात, त्यांचे फोल्डर आणि सेटिंगच्या फाइली वेगळ्या असतात. फक्त सर्किटवर डबल-क्लिक केलं की नंतर बसवलेली आवृत्ती उघडते, तेवढं मुलांना सांगून ठेवा. १७.१ आणि २४ मात्र एकाच जागी बसतात, म्हणून ती जोडी शेजारीशेजारी ठेवता येत नाही. नव्या चिपची मॉडेल या मशीनना मिळणार नाहीत, आणि काही नव्या मॉडेलांची भाषा जुन्या इंजिनाला कळणारही नाही. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला त्यांची गरज नाही. प्रोजेक्टच्या मुलांसाठी विंडोज ११ चं एक मशीन मागून घ्या. हे एक मशीन नवं घ्यावं लागेल, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि तुमच्या संगणकांत ती नाही. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आज त्यावर खर्च करून मोठासा फायदा नाही.

दुसरी वाट लिनक्सची, आणि ती मला मनापासून आवडते. तुमचे प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत, तेव्हा एखादं हलकं लिनक्स दोन जीबीत चालेल. त्यावर एनजीस्पाइस हे स्पाइसच्याच घराण्यातलं मुक्त सॉफ्टवेअर थेट पॅकेजमधून बसतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं एनजीस्पाइस आणि सर्किट काढायचं कायकॅड एकत्र करून ई-सिम उभं केलंय. सर्किट काढण्यापासून आलेखापर्यंत सगळं त्यात आहे, पण ते वजनदार आहे, दोन जीबीवर मुलांचा धीर सुटेल. आधी रॅम वाढवा. एलटीस्पाइसमधून काढलेली नेटलिस्ट एनजीस्पाइसमध्ये चालवताना त्याच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ‘एनजीबिहेवियर’ला ‘एलटीपीएसए’ ही किंमत द्या, म्हणजे एलटीस्पाइस आणि पीस्पाइसच्या बोलीतली बरीच वाक्यं त्याला कळतात. कंपनीनं कुलूपबंद करून दिलेली मॉडेल तिथे चालत नाहीत आणि एलटीस्पाइसचे ‘ए’ गटातले घटकही नाहीत. ७४१, ५४७ आणि डायोडवर उभा असलेला तुमचा अभ्यासक्रम मात्र त्यावर निभावेल.

सबमिशन जवळ आहे, तेव्हा क्रम असा ठेवा: आज प्रती, या आठवड्यात प्रॅक्टिकलचे फोल्डर, त्यानंतर एका मशीनवर १७ आणि ती चार सर्किटं. आकडे जुळले की उरलेली एकोणीस मशीन एका दिवसात होतील. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये एलटीस्पाइसचा फोल्डर सापडला, तर त्यातली डायोडची फाइल आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मधली डायोडची फाइल शेजारीशेजारी उघडून बघा. जास्तीच्या ज्या ओळी दिसतील, त्याच तुमच्या आधीच्या सरांनी लिहिलेल्या आहेत.